पेपरमिंटच्या डबीत पानिपत बसवायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी रिकामी आहे, तिच्यात मावेल असा पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा दोघांचा खेळ करायचा आहे. झाकणाच्या आत षटकोनी घरांचा नकाशा चिकटवायचा, शंभरेक सोंगट्या करायच्या, जमलं तर धातूचे चिमुकले सैनिक वापरायचे. डाव अर्ध्या तासात संपावा आणि लोकलमध्येही खेळता यावा. आणि नेमकी विचारणा अशी की, सोंगट्या किती लहान केल्या म्हणजे हे सगळं आत बसेल?

बसायचं म्हणाल तर आत्ताही बसेल. आतून ९० × ५६ × १८ मि.मी. असलेल्या डबीचं घनफळ सुमारे ९० घन सेंटिमीटर भरतं. ७ मि.मी. चौरस आणि १ मि.मी. जाड पुठ्ठ्याच्या शंभर सोंगट्यांना त्यातले जेमतेम ५ लागतात. जागेची अडचण नाहीच. डबी उघडल्यावर त्या शंभर सोंगट्या ठेवायच्या कुठे, बोटांनी हलवायच्या कशा, आणि त्यांचे नियम कोणत्या कागदावर लिहायचे, ही खरी अडचण आहे.

नकाशाचा हिशोब करून बघा. झाकणाचे गोल कोपरे आणि आत वळलेली कड सोडली तर सपाट जागा साधारण ८५ × ५१ मि.मी. उरते. समोरासमोरच्या बाजूंत १० मि.मी. अंतर असलेले षटकोन काढले तर नऊ उभ्या रांगा बसतात, आलटून पालटून पाच आणि चार घरांच्या. एकूण ४१ घरं. अशा षटकोनात नीट बसणारी चौरस सोंगटी जास्तीत जास्त ७.३ मि.मी.ची, म्हणजे कापायची ७ची. मोठ्या माणसाच्या बोटाचं टोक दीडेक सेंटिमीटर रुंद असतं. एक सोंगटी उचलायला गेलात की शेजारच्या दोन सरकणार, आणि ४१ घरांत शंभर सोंगट्या म्हणजे प्रत्येक घरात दोन-तीनांची चळत. अर्ध्या तासातली वीस मिनिटं चिमट्याने चळती उपसण्यात जातील.

म्हणून क्रम उलटा धरा. एवढ्याशा डबीत एकच मोठा निर्णय मावतो. लढाईतला तो निर्णय कोणता हे आधी ठरवायचं, त्याला लागेल तेवढंच सामान घ्यायचं आणि बाकीची लढाई निर्धास्त वगळायची. १९७७ साली आलेला ‘ओगर’ हा छोटा खेळ याच वाटेने गेला होता. एका बाजूला एकच महाकाय रणगाडा, दुसऱ्या बाजूला पुष्कळ लहान तुकड्या, नकाशा बराचसा मोकळा, आणि प्रश्न एकच, तो रणगाडा ठाण्यापर्यंत पोहोचतो का. आपल्याकडचा वाघबकरीचा पटही त्याच जातीचा. रेषा मोजक्या, दोन बाजूंची ताकद वेगवेगळी, आणि दोन वाक्यांत सांगता येतील असे नियम.

पानिपतचा तो एक निर्णय माझ्या मते वेळेचा आहे. १४ जानेवारी १७६१ला मराठे सकाळी बाहेर पडले ते उपाशीपोटी. त्यांना दिवस चढायच्या आत कोंडी फोडायची होती. अब्दालीकडे राखीव फौज होती आणि ती दुपारी योग्य वेळी ओतली गेली. म्हणजे एका खेळाडूपुढचा प्रश्न ‘आत्ता कुठे घुसू’ आणि दुसऱ्यापुढचा ‘राखीव कधी आणि कुठे सोडू’. रसद, यमुनेचा पूर, दिल्लीचं राजकारण, कुंजपुऱ्याचा किल्ला हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते मोठ्या पेटीतल्या मोठ्या खेळाचं. तुम्हाला राजकारणच खेळायचं असेल तर ही डबी सोडा, पत्त्यांचा खेळ करा. इथून पुढचं सगळं मी लढाईचा एक दिवस धरून लिहितो.

मैदान म्हणून षटकोनांऐवजी तीन पत्ते घ्या, प्रत्येकी ८५ × ५१ मि.मी., उभे, शेजारी शेजारी मांडलेले. म्हणजे डबीबाहेर १५३ × ८५ मि.मी.चं मैदान तयार होतं. पहिला पत्ता गारद्यांच्या (कवायती पायदळाच्या) बाजूचा, इब्राहिमखान आणि समोर रोहिले. दुसरा मधल्या फळीचा, सदाशिवरावभाऊ आणि समोर वजीर शाहवलीखान. तिसरा होळकर-शिंद्यांच्या बाजूचा, समोर नजीबखान आणि शुजा. प्रत्येक पत्त्याचा खालचा अर्धा भाग मराठ्यांचा, वरचा अब्दालीचा. पत्त्यांवर ‘डावी’ आणि ‘उजवी’ छापू नका. समोरासमोर बसलेल्या दोघांची डावी वेगळी असते आणि पहिल्याच डावात त्यावरून घोळ होतो. नावं आणि आकडे छापा: पहिल्यावर १ आणि ४, दुसऱ्यावर २ आणि ५, तिसऱ्यावर ३ आणि ६. हे आकडे कशासाठी ते पुढे येतंच.

सैन्य म्हणून ८ मि.मी.चे लाकडी ठोकळे. मराठ्यांचे ११: तिन्ही पत्त्यांवर तीन-तीन आणि हुजुरातीचे (पेशव्यांच्या खास फौजेचे) दोन राखीव. अब्दालीचे १३: तीन-तीन आणि राखीव चार. वेगळ्या रंगाचा एक ठोकळा वेळेच्या पट्टीसाठी. दोन्ही सैन्यांचा एकेक जादा ठेवा, सोफ्याखाली एक जाणारच. म्हणजे २७ ठोकळे. शिवाय ८ मि.मी.चे पाच फासे. रंग केशरी आणि गडद निळा घ्या. लाल-हिरवी जोडी टाळा, कारण रंगांधळेपणा असलेल्या बहुतेक लोकांना नेमका हाच फरक नीट दिसत नाही.

वेळेची पट्टी सात घरांची, सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत, एक पाळी म्हणजे साधारण एक तास.

आता पाळी कशी चालते ते. दोघे एकेक फासा हाताखाली झाकून त्यावर हुकूम लावतात. १, २, ३ म्हणजे त्या आकड्याच्या पत्त्यावर हल्ला. ४, ५, ६ म्हणजे त्या आकड्याच्या पत्त्यावर एक राखीव ठोकळा रवाना. दोघांनी एकदम हात उचलायचे आणि फासा त्या त्या पत्त्यावर ठेवायचा. हुकमाची वेगळी कार्डं लागत नाहीत, गुप्तता फुकट मिळते, आणि पत्त्यावर ठेवलेला फासाच ‘इथे हल्ला आहे’ अशी खूण होतो. राखीव संपल्यावरही ४-५-६ लावता येतं. त्याचा अर्थ ‘या पाळीला थांबलो’. एवढ्या छोट्या खेळात एका वस्तूकडून दोन-तीन कामं करून घेतल्याशिवाय भागत नाही.

हल्ला झालेल्या पत्त्यावर दोन्ही बाजू आपापल्या ठोकळ्यांइतके फासे टाकतात, पण जास्तीत जास्त तीन. हल्ला करणाऱ्याचा मार (म्हणजे समोरचा एक ठोकळा बाद) ५ किंवा ६वर, थोपवणाऱ्याचा फक्त ६वर. दोघांनी एकाच ठिकाणी हल्ला केला तर दोघांचाही ५-६वर. उरलेले तीन फासे दोघांनी आळीपाळीने वापरायचे, आणि ठोकळे मात्र दोघांचे फासे टाकून झाल्यावर एकदमच उचलायचे. हे नियमांत ठळक लिहा, नाहीतर आधी फासे टाकणाऱ्याला फुकटचा फायदा मिळतो. राखीव ठोकळा मार मोजून झाल्यावर पोहोचतो, आधी नाही. त्यामुळे अब्दालीला एक पाळी आधी ओळखावं लागतं, आणि सगळी गंमत त्या ओळखण्यात आहे.

याला इतिहास चिकटवणारे नियम दोनच. पहिला गारद्यांचा: पहिल्या पत्त्यावर मराठ्यांचा एक तरी ठोकळा असेल आणि त्या पाळीत मराठ्यांनी तिथे हल्ला केला नसेल, तर ते एक जादा फासा टाकतात, ५-६वर मार. समोरच्याने हल्ला केला असो वा नसो. मराठ्यांचे स्वार पुढे घुसले की हा फासा बंद. घाईने पुढे गेलेल्या स्वारांमुळे इब्राहिमखानाच्या तोफांचा मारा अडला, हे आपल्याकडच्या वर्णनांत वारंवार येतं. इथे तेच एका ओळीत खेळाडूच्या गळ्यात पडतं. दुसरा भुकेचा: पाचव्या पाळीपासून, म्हणजे दुपारी एकनंतर, मराठ्यांना प्रत्येक लढाईत एक फासा कमी, निदान एक तरी मिळतोच. गारद्यांच्या फाशाला ही कपात लागू नाही.

जिंकायचं कसं? मराठ्यांनी अब्दालीचा कोणताही एक पत्ता रिकामा केला की कोंडी फुटली, ते जिंकले. अब्दालीला मराठ्यांचे दोन पत्ते रिकामे करावे लागतात, किंवा सातवी पाळी संपेपर्यंत तग धरावा लागतो. एकाच पाळीत दोन्ही घडलं तर मराठे जिंकले असं धरा. हा बारकावा नियमांत लिहिला नाही तर भांडण ठरलेलं.

भुकेचा नियम एकटा ठेवला असता तर अब्दालीने दुपारपर्यंत नुसतं बसून राहणं हीच त्याची उत्तम चाल ठरली असती, आणि खेळ मेला असता. गारद्यांचा फासा त्याला बसू देत नाही. सात पाळ्या तो फासा चालू राहिला तर सरासरी २.३३ ठोकळे जातात, आणि समोर ठोकळे आहेत तीनच. अब्दालीने तिथे काहीच केलं नाही तर सातांत तीन मार बसण्याची शक्यता १००त ४३. सुरुवातीलाच एक राखीव ठोकळा तिथे पाठवला तर चार मार लागतात आणि शक्यता १७वर येते. म्हणजे एक ठोकळा तिकडे गुंततो, उरतात तीन, आणि मराठ्यांना ते दिसतं. नियम जोडीने ठेवायचे ते असे. एकाने आणलेला कंटाळा दुसऱ्याने मोडायचा. तुमच्या खेळात ‘नुसतं थांबणं’ ही चाल कोणाला परवडते का, हे सगळ्यात आधी तपासा.

आता वगळायचं काय. उंटांवरच्या जंबुरका (हलक्या तोफा), विश्वासरावांचा मृत्यू, होळकरांचं निघून जाणं, डोळ्यांवर आलेलं ऊन. प्रत्येकासाठी एक छोटासा नियम सुचेल, प्रत्येक नियम एकेकटा सुंदर दिसेल. एकही घेऊ नका. फार वाटलं तर एकच घ्या आणि त्याबदल्यात वरचा एक काढा. कारण जागा सगळ्यात जास्त खातो तो नियमांचा कागद.

तो कागद असा. ए-फोरमधून २५५ × ८५ मि.मी.ची पट्टी काढा, ५१-५१ मि.मी.वर पंख्यासारख्या घड्या घाला. पाच पानं, दोन्ही बाजूंनी दहा, त्यातलं एक मुखपृष्ठ. चारही बाजूंनी ४ मि.मी. समास सोडला तर मजकुराला ४३ × ७७ मि.मी. मिळतात. देवनागरीला ७ पॉइंटच्या अक्षरासाठी किमान १० पॉइंटचं ओळींमधलं अंतर लागतं, नाहीतर एका ओळीच्या वेलांट्या-रफार आणि तिच्या वरच्या ओळीचे उकार एकमेकांत घुसतात. रोमन लिपीत ८ पॉइंटवर भागतं, ते बघून तुमचा हिशोब करू नका. या मापाने पानात २१-२२ ओळी, ओळीत पाच-सहा शब्द. मथळे आणि मोकळ्या जागा धरून पानाला ८० शब्द, एकूण ७००च्या आसपास. मी सहाशेवर थांबा म्हणेन आणि उरलेल्या जागेत मांडणीचं एक चित्र टाका. ७ पॉइंटच्या खाली उतरलात तर ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्त’ यांच्या आतल्या पोकळ्या शाईने बुजतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा मोकळा टंक घ्या, मध्यम जाडीचा. काळ्यावर पांढरा मजकूर तर मुळीच नको. आणि फाशांचे आकडे मजकुरात लिहिण्याऐवजी ठिपक्यांचं चित्र छापा. लहान आकडे अर्धवट उजेडात नीट ओळखू येत नाहीत.

छपाईला व्हिजिटिंग कार्ड छापणारा पुरे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या बाजूला कागदाच्या दुकानांतून जाड कागदही मिळतो. मात्र नेहमीचं व्हिजिटिंग कार्ड साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे ८९ × ५१ मि.मी. असतं. आतून ९० मि.मी.च्या, गोल कोपऱ्यांच्या डबीत ते अडकतं, निघताना वाकतं. चित्र ८५ मि.मी.तच बसवा, दोन्ही टोकांना पार्श्वभूमीचा रंग तसाच पुढे न्या आणि २-२ मि.मी. घरी कापा, किंवा कटिंगचं माप आधीच वेगळं सांगा. कडेला चौकट आखू नका. कटिंग अर्धा-एक मिलिमीटर सरकतंच आणि चौकट असली की ते लगेच डोळ्यांत भरतं. कोपरे गोल करायचा पंच मिळतो, तो वापरा. लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूने केलं तर पावसाळी हवेत उघडी बाजू ओल धरते आणि पत्ता पन्हाळीसारखा वळतो.

उंचीचा हिशोब: ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) लॅमिनेट केलेला पत्ता साधारण ०.४ मि.मी. तीन मैदानाचे, एक वेळेचा, दोघांना एकेक नियमांच्या आठवणीचा, असे सहा मिळून २.४. घड्यांचा कागद दाबून ०.६ भरतो, पण सोडल्यावर फुगतो, त्याला २ धरा. झाले साडेचार, म्हणू पाच. झाकणाला एक मोकळा ठेवा. उरले १२ मि.मी., त्यात ८ मि.मी.च्या ठोकळ्यांचा एक थर निवांत बसतो. तळावर काटेकोर रचले तर गोल कोपरे सोडून सत्तरेक बसतील, पण डबी बंद करताना कोणी रचत बसत नाही. नुसते ओतले तर चाळीसेक धरा. आपले ठोकळे आणि फासे मिळून ३२. नेहमीचे १६ मि.मी.चे फासे इथे चालत नाहीत. १० मि.मी.चे बसतील.

ठोकळे तयार मिळाले तर उत्तम. नाहीतर ८ मि.मी. चौरसाची लाकडी पट्टी आणा. बारीक करवतीची चीर १ मि.मी. धरली तर ३० सें.मी.च्या पट्टीतून ३३ निघतात, म्हणजे एक पट्टी पुरते. कापताना पट्टी काटकोनी साच्यात धरा. हाताच्या अंदाजाने कापलेला ठोकळा तिरका होतो आणि उभा राहत नाही. कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदा घासा. रंग ऑइलपेंटचा नको, तो जाड बसतो आणि उन्हाळ्यात ठोकळे एकमेकांना चिकटतात. पातळ शाईत बुडवून वर्तमानपत्रावर दिवसभर वाळू द्या.

धातूच्या सैनिकांबद्दल. २८ मि.मी.चे सैनिक उभे काय, आडवेही गैरसोयीचे. ६ मि.मी. मापातला घोडेस्वार घोड्यासकट ९-१० मि.मी. उंच होतो, तो मावतो. पण त्याचा भाला पहिल्या आठवड्यात वाकेल आणि डबी खिशात खुळखुळत राहिल्याने रंग टवकेल. प्रत्येकासाठी फोमचा खाचा कापला तर टिकतो, पण मग ३२ वस्तूंची जागा १५वर येते. तुमचा जीव रंगकामात असेल तर हा खेळ मोठ्या डब्यात करा. खेळण्यात असेल तर ठोकळेच बरे. ठोकळ्याच्या एका बाजूला ६ मि.मी.चा घोड्याच्या डोक्याचा स्टिकर लावला तरी पुष्कळ.

मोठं मैदान हवंच असेल तर एक जुना उपाय आहे, कापडाचा. सारीपाट कापडी असतो, गुंडाळता येतो म्हणूनच तो सोयीचा. ३० सें.मी.चा सुती रुमाल घडी घालून या डबीत कोंबता येतो, पण मग पत्ते आणि ठोकळे कमी करावे लागतात, आणि सुरकुत्यांवर ८ मि.मी.चा ठोकळा कलंडतो. जाड विणीचं कापड आणि चपट्या सोंगट्या घेतल्या तरच करा.

छपाईच्या आधी कच्चा खेळ डाळींवर खेळा. मसुराची डाळ एका बाजूची, पांढरी उडदाची दुसऱ्या बाजूची. रंग स्पष्ट वेगळे, चपटी असल्याने घरंगळत नाही, आणि संख्या बदलायची तर मूठभर आहेच हाताशी. पत्ते वहीच्या पुठ्ठ्याचे, पेन्सिलने. कायमच्या डबीत मात्र डाळ ठेवू नका, पोरकिडे होतात.

वर दिलेले आकडे सुरुवातीचे आहेत, खेळून बदलायचे आहेत. दोन सारख्या ताकदीचे खेळाडू घ्या, वीस डाव खेळवा, प्रत्येकाला दोन्ही बाजू दहा-दहा वेळा द्या. १२-८ असा निकाल आला तर त्यावरून काहीच म्हणता येत नाही. एका बाजूने १५ किंवा जास्त जिंकले तर, समतोल खेळात निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा हात घाला. हात घालण्याचा क्रमही ठरलेला असू द्या. आधी अब्दालीचे राखीव ठोकळे: चाराचे तीन किंवा पाच. मग भूक सुरू होण्याची पाळी: पाचवीऐवजी चौथी किंवा सहावी. माराचे आकडे शेवटी, आणि शक्यतो नाहीच. थोपवणाऱ्याचा मार ६वरून ५-६वर आणला की त्याची ताकद थेट दुप्पट होते. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

दुसरी चाचणी नियमांच्या कागदाची. हा खेळ कधीच न पाहिलेल्या दोघांच्या हातात डबी द्या आणि शेजारी गप्प बसा. ते कुठे अडतात ते फक्त टिपा, समजावून सांगू नका. बहुतेक लोक तीन ठिकाणी अडतात: फासे टाकायची वेळ, राखीव कधी पोहोचतं, आणि गारद्यांचा फासा हल्ला नसतानाही टाकायचा असतो हे. ही तीन वाक्यं आठवणीच्या पत्त्यावर पुन्हा छापा.

राहिली लोकल. टेबलावर खेळायचा वरचा खेळ चालत्या डब्यात नीट चालणार नाही, फासे सीटखाली जातील. लोकलसाठी वेगळी आवृत्ती करावी लागेल. झाकणाच्या आत २८-२८ मि.मी.च्या तीन पट्ट्या, ठोकळ्यांऐवजी अर्धा मिलिमीटर जाड चुंबकी शीटचे ८ मि.मी.चे तुकडे, आणि हुकूम फाशावर न लावता बोटांनी दाखवायचे, एक ते सहा. लढाईचे तीन फासे खालच्या अर्ध्या डबीत पातळ फेल्ट लावून तिथेच खुळखुळवायचे. डबी लोखंडी पत्र्याची आहे ना, हे आधी चुंबक लावून बघा, ॲल्युमिनियमच्या डबीला काहीच चिकटणार नाही. निओडिमियमचे छोटे गोल चुंबक ताकदवान असतात, पण घरात लहान मूल असेल तर ते आणूच नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि थेट ऑपरेशनपर्यंत जातं. शीट पुरते. गर्दीच्या वेळी फेल्टवरून उडालेला फासा शोधणं अशक्य असतं, तेव्हा लोकलच्या डबीत पाच नाही, सात फासे टाका.